कोकणकडा फोटोत बुटका का दिसतो?

हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा कोकणकड्याचे साठेक फोटो काढून आणले. बायकोनं बघितले आणि विचारलं, "हा कुठल्या शेताचा बांध?" पोटात गोळा आणणारा कडा, आणि त्याचा बांध झाला! कारण उंची कळायला फोटोत मी काही ठेवलंच नव्हतं.

आता आधी माणूस शोधतो. कडा घोड्याच्या नालेसारखा आत वळलाय. एका टोकाला आपण थांबायचं, समोरच्या टोकावर बसलेले ट्रेकर हेच आपलं मोजमाप. इथे वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी) नको, कडाच आक्रसतो. मोबाइल असेल तर दोन-तीन पट झूमची लेन्स घ्या. माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसला तरी चालेल, पण आकाशावर उठून दिसला पाहिजे. काळ्या कातळावर आला की हरवला. थोडं खाली बसून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं जमतं.

जवळचा माणूस हवा असेल तर त्याला काठावर अजिबात पाठवू नका. मी भाच्याला काठापासून चांगला दहा फूट मागे बसवतो आणि कॅमेरा जमिनीला टेकवतो. मधला कातळ दिसेनासा होतो आणि पोरगं थेट दरीच्या तोंडाशी बसल्यासारखं वाटतं. ताई अजून माझ्याशी त्या फोटोवरून भांडते.

माणूस नसेल तर पावसाळ्यानंतर कातळातली डबकी आहेत, गवताचे तुरे आहेत. वाइड लेन्स आता लावा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्स, एफ 11 (लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस सहा फुटांवर ठेवला तर साधारण तीन फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फक्त दरीतून वर येणारा वारा तुरे हलवतो, म्हणून शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नको. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) वाढला तर वाढू द्या. आणि आधी वेफरची पाकिटं उचला. चकाकणारं पाकीट डबक्यापेक्षा आधी डोळ्यांत भरतं.

कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर. तो बुडाला की गर्दी चहाकडे पळते. तुम्ही पंधरा मिनिटं थांबा. त्या मऊ उजेडात कातळाचे थर उमटतात. तेव्हा भाच्याच्या हातात टॉर्च देऊन, काठापासून लांबच, त्याला उभं करायचं.