रतनगड ते हरिश्चंद्रगड: हिवाळ्यात गर्दी चुकवून कसं चालावं

रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापासून निघायचं, रतनगड करायचा, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई, मग हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. सह्याद्रीतला हा नावाजलेला लांब पल्ला. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या दोन्ही टोकांना जत्रा भरते. रतनगडाच्या शिड्यांखाली रांग लागते, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्ताला बसायला जागा मिळत नाही. मधलं रान मात्र ओस असतं. गाडी जिथवर जाते तिथून एका दिवसात वर जाऊन परत येता येईल, तेवढ्याच भागात गर्दी होते. कात्राबाई ओलांडायची तर मुक्कामाचं ओझं पाठीवर घ्यावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांची गळती होते. म्हणून मधल्या टप्प्याची काळजी सोडा. डोकं चालवायचं ते दोन गडांवर कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी पोचायचं यावर.

मुंबई-पुण्याच्या बस शुक्रवारी आणि शनिवारी रात्री सुटतात, पहाटे पायथ्याच्या गावात येतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं रिकामं होतं. म्हणून रविवारी रात्री रतनवाडीत झोपा, सोमवारी चालायला लागा आणि गुरुवारी दुपारी खिरेश्वरला उतरा. रजा चार दिवसांची लागते, त्याला इलाज नाही. शनिवार-रविवारच हाताशी असतील तर दोन्ही गड सोडून द्या आणि रतनवाडी-कात्राबाई-कुमशेत-पाचनई एवढंच चाला. नाताळ ते १ जानेवारी, २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी आणि पौर्णिमेला लागून आलेला शनिवार-रविवार टाळा. महाशिवरात्रीला तर दोन्हीकडे शंकराची देवळं आहेत, तेव्हा एकांत विसरा. नोव्हेंबरात पाणी भरपूर असतं, पण कमरेएवढ्या गवतात वाट हरवते आणि कुसळं मोज्यांतून आत घुसतात. फेब्रुवारीत ओढे आटलेले असतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा मधला काळ सर्वांत चांगला.

मुंबईहून कसारा-घोटी-शेंडी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी आणि पुढे जीपने रतनवाडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रात्री गडावर राहू देतात का, हे अभयारण्याच्या नाक्यावर शुल्क भरतानाच विचारून घ्या. नियम बदलत असतात. नकार मिळाला तर गावात घरगुती मुक्काम करा आणि गड पहाटे चढा. एकांताच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडत नाही.

सोमवारी घाई करू नका. सकाळी निघालेले लोक दुपारी तीनच्या सुमारास उतरून गेलेले असतात, म्हणून अकराला निघालात तरी चालतं. चढाईला साधारण तीन तास लागतात. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, सॅकचा छातीचा पट्टा घट्ट आणि बाहेर काही लोंबतं नको. लोंबणारी मॅट कातळाला अडकली की तोल जातो. वर गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत आणि माकडंही आहेत. खाण्याची पिशवी सॅकच्या तळाशी ठेवा. नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, सकाळी सातला जाऊन बसा. डिसेंबरात सूर्य त्याच सुमारास उगवतो आणि पायथ्याहून कुणी पोचायला तीन तास तरी असतात.

मंगळवारचा टप्पा या वाटेचा गाभा. शिड्या उतरून झाडीत परत आलात की कात्राबाईकडे जाणारा फाटा लागतो. चढताना तो नीट पाहून ठेवा, फोनवर खूण करा. उतरताना पाय आपोआप रतनवाडीकडे वळतात. खिंडीपर्यंत दाट, सावलीचं रान आहे. खिंडीत पोचलात की समोर हरिश्चंद्रगडाची रांग आणि बाजूला आजोबाचा डोंगर दिसतो. चूक होते ती त्यानंतर. कुमशेतकडे उतरताना ढोरवाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा पंख्यासारख्या फुटतात, आणि सर्वांत रुंद दिसणारी वाट बरेचदा गुरांच्या चरणीपर्यंत जाऊन संपते. दहा मिनिटांत बाण, दगडांची रास किंवा माणसाच्या वावराची दुसरी खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. आडवं घुसून वाट शोधायला जाऊ नका, कारवीच्या झुडपांच्या जाळीत तास जातो. या दिवसापुरता रतनवाडीचा वाटाड्या घ्याच. ज्याचं रान, तोच बरोबर असला म्हणून एकांत मोडत नाही.

सॅकसकट हा टप्पा सात-आठ तासांचा धरा. उजेड जेमतेम अकरा तास असतो आणि सहा वाजता सूर्य मावळतो. म्हणून आठच्या आत गड सोडा आणि दोनपर्यंत खिंड मागे पडली पाहिजे. माणशी तीन लिटर पाणी टाक्यावरूनच भरून घ्या, वाटेतल्या ओढ्यांवर भिस्त ठेवू नका. पिण्याचं पाणी एक मिनिटभर खळाखळा उकळा.

कुमशेतला मुक्काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंड हवा जड असते, ती उतरून खोलगट जागी साचते. त्यामुळे ओढ्याकाठी गडमाथ्यापेक्षा जास्त गारठा असतो आणि तंबू दवाने चिंब होतो. ओढ्यापासून थोडं वर, गावाजवळ थांबा. पाच अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट हवी. थंडी अंगात शिरते ती जमिनीकडून. गॅसचा डबा आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, नाहीतर सकाळी ज्योत मरगळते आणि बॅटरी बसते. आधी सांगितलं तर गावात पिठलं-भाकरी मिळते. ती पैसे देऊन घ्या, त्या घराला आधार होतो.

बुधवारी मुळा नदीच्या खोऱ्यातून पाचनई, तिथून अडीच तासांत हरिश्चंद्रगड. आठवड्याच्या मधल्या वारी वरची खोपटी बंद असू शकतात, तेव्हा दोन वेळचा शिधा जवळ असू द्या. संध्याकाळी कोकणकड्याकडे न जाता तारामती शिखरावर चढा. १,४२९ मीटरच्या त्या माथ्यावर क्वचितच कुणी असतं. उतरायला हेडटॉर्च घ्या. कोकणकडा गुरुवारी पहाटेसाठी ठेवा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीमागून वर येतो आणि गडाची सावली खाली कोकणात लांबवर पडलेली दिसते. हे पाहायला फार थोडे येतात. कडेला पालथं झोपूनच वाकायचं, खालून येणारा वारा अवखळ असतो.

एकांत हवा म्हणून एकट्याने जाऊ नका. दऱ्यांत फोनला रेंज नसते, आणि मुरगळलेल्या पायाने कात्राबाईत रात्र काढणं जिवावर बेतू शकतं. तिघे-चौघे जा. चालताना हाकेच्या अंतरावर सुटे सुटे चाला, प्रत्येक फाट्यावर मागच्यासाठी थांबा आणि बोलणं जेवणाच्या वेळेपुरतं ठेवा. स्पीकर तर नकोच. शेकोटीही नको. अभयारण्यात तिला मनाई आहे आणि जानेवारीतलं वाळलेलं गवत एका ठिणगीने वणवा पेटवतं. कातळावर आग्या मोहळं असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा, तिन्हींनी ती उठतात.

खिरेश्वरचा उतार चार तासांचा. तोलारखिंडीच्या वरच्या कातळावर रेलिंग आहे, पण दवाने ओलं असताना तिथे पाय सरकतो. ऊन पडू द्या, मग उतरा. गावातून खुबी फाटा गाठला की कल्याण-नगर रस्त्यावर एसटी मिळते.