मधमाशी चावल्यावर अ‍ॅलर्जी ओळखायची कशी आणि करायचं काय

उंच झाडं, पाण्याच्या टाक्या, इमारतींचे छज्जे या आग्या मोहोळाच्या ठरलेल्या जागा. बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला गेलात किंवा उत्तरायणाला अगाशीवर चढलात, तर आधी वर एक नजर टाका. माशा उठल्याच, तर हात झाडत उभे राहू नका. डंखासोबत पसरणारा वास बाकीच्या माशांना तिकडेच बोलावतो. तोंड-डोकं झाका, सरळ पळा, खोलीत किंवा गाडीत शिरून दार लावून घ्या.

मग काटा बघा. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि ती पिशवी थोडा वेळ विष ढकलत असते. नखाने खरवडा, चिमट्याने ओढा, कसाही काढा. पण लगेच काढा. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा चावू शकते. बोटाला चावली असेल तर सूज चढण्याआधी अंगठी काढा. साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा. चुना, कांदा, लोखंड घासणं यांच्या नादी लागू नका.

आता घड्याळ बघून ठेवा, कारण खरी पारख पुढच्या तासाभरात होते. चावल्या जागी दुखणं, लाली, थोडी सूज हे सगळ्यांनाच होतं. काहींचा अख्खा हात सुजतो, सूज दुसऱ्या दिवशी वाढते आणि उतरायला आठवडाही लागतो. दिसायला भयंकर, पण ती चावल्या जागेपासूनच पसरलेली असेल तर सहसा जिवाला धोका नसतो. मात्र तोंडात किंवा घशात चावली असेल, तर थांबू नका, लगेच इस्पितळ गाठा.

भीती असते ती चावल्या जागेपासून दूर काही घडलं तर. चावली पायाला आणि गांधी उठल्या पोटावर, ओठ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, छातीत घरघर, उलट्या, पोटात कळा, चक्कर. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. “अहो, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावते, पडा जरा,” म्हणत मोलाची मिनिटं जातात. एरवीच्या पित्तावर आमसूल लावा हवं तर, पण माशी चावल्यानंतर नको. आणि “मला याआधी चावली होती, काही झालं नाही” यावरही विसंबू नका. आधीच्या डंखाने शरीर संवेदनशील झालेलं असू शकतं.

श्वास, घसा, चक्कर यांपैकी काहीही दिसलं किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर 108 ला फोन करा. इलाज एकच: अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेट्रिझिनने खाज कमी होते. सुजणारा घसा आणि पडणारं बीपी त्याने थांबत नाही. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उठवून जिने उतरवू नका. एकदम उभं केल्याने हृदय बंद पडल्याचे प्रकार घडले आहेत. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, कारण लक्षणं उलटून येऊ शकतात.

डझनावारी माशा चावल्या असतील, तर अ‍ॅलर्जी नसली तरी इस्पितळ गाठा. तेवढं विष मूत्रपिंडावर जातं.

एकदा अ‍ॅलर्जीचा असा झटका आला की साधारण 4 ते 6 आठवड्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. लगेच केली तर चाचणी फसवी येऊ शकते. बीपीच्या काही गोळ्यांमुळे झटका जड जातो, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या; मनाने गोळी बंद करू नका. विषाचेच वाढते डोस देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार 3 ते 5 वर्षं चालतो आणि चांगला लागू पडतो. तो कुठे मिळेल, तेही त्यांनाच विचारा.

आपल्याकडे अ‍ॅड्रेनलिनचं तयार इंजेक्शन-पेन सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे डॉक्टर बहुधा अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज लिहून देतात. वजनानुसार डोस कागदावर लिहून घ्या आणि तो भरायचा कसा हे घरातल्या दोघांनी तरी शिका. मे महिन्यात ते गाडीत ठेवू नका. द्रव तपकिरी दिसला किंवा तारीख उलटली, तर नवीन आणा.