शिकारीची गोळी निवडताना या चुका टाळा

टेक्सासमध्ये नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडायची वेळ आली की ओळखीतल्या नवशिक्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न एकच, कुठलं कॅलिबर, म्हणजे किती व्यासाची गोळी, घेऊ? गोळी आतून कशी बांधली आहे, हे कोणी विचारत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे हे ज्ञान घरून आलेलं नसतं, हे मान्य. पण इथे परवाना काढलात की जनावराला झटपट मरण देण्याची जबाबदारी तुमची.

सर्वांत वाईट चूक म्हणजे मॅग्नम रायफल (जास्त दारूच्या काडतुसाची, जास्त वेगाची), मऊ गोळी आणि जवळचं जनावर. साध्या गोळीत तांबेमिश्रित धातूच्या पातळ जॅकेटमध्ये शिशाचा गाभा असतो. धडकेसरशी टोक मागे वळतं, गोळी फुलून जवळपास दुप्पट रुंद होते आणि फुप्फुसांतून रुंद वाट पाडत जाते. हे ठरावीक वेगातच नीट घडतं. वेग त्याहून जास्त असला आणि समोर हाड आलं, तर जॅकेट फाटतं आणि शिसं वरच्यावर विखुरतं.

एका नवख्या शिकाऱ्याने ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम घेतली आणि दुकानातली सर्वांत हलकी, प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी भरली. असल्या गोळीचा वेग नळीतून निघताना सेकंदाला ३००० फुटांच्या वर असतो. हरीण पन्नासेक यार्डांवर होतं. त्याने नेम थेट खांद्याच्या हाडावर धरला. हरीण कोसळलं, उठलं आणि सीडरच्या झुडपांत शिरलं. रात्री टॉर्च घेऊन आम्ही माग काढला. आधी रक्त भरपूर, मग थेंब, मग काहीच नाही. सकाळी ते जिवंत सापडलं आणि दुसरी गोळी घालावी लागली. कातडं काढल्यावर खांद्यावर बशीएवढी उथळ जखम दिसली. हाडाचा चुरा झाला होता, त्यात शिशाचे करडे कण, आणि रिकामं जॅकेट बरगडीच्या अलीकडेच अडकलेलं. फुप्फुसं शाबूत होती. तरी तो म्हणाला, ‘अजून मोठं मॅग्नम हवं होतं.’ तो वेग वाढवायला निघाला होता आणि गोळी वेगामुळेच फुटली होती.

हा धडा जुना आहे. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चिखल माखलेल्या मूसच्या (थोराड जातीच्या हरणाच्या) अंगावर अशाच वरच्यावर फुटल्या. त्यातून त्यांनी पार्टिशन गोळी बनवली. तिच्या मध्ये धातूचा आडपडदा असतो, त्यामुळे पुढचा भाग फुलला तरी मागचा अर्धा भाग आत घुसत राहतो. मॅग्नम वापरायचीच असेल तर अशी गोळी, गाभा जॅकेटला जोडलेली बाँडेड गोळी किंवा अख्खी तांब्याची घ्या. दक्षिण टेक्सासातल्या नीलगायीसाठी, म्हणजे आपल्या विदर्भातल्या रोहीसाठी, मी मऊ गोळीला हातही लावू देत नाही. हरणासाठी माझी सवय ठरलेली आहे: .३०८ कॅलिबरची रायफल, १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची बाँडेड गोळी आणि नेम खांद्याच्या किंचित मागे.

उलटी चूकही होते. तांब्याची गोळी फुटत नाही म्हणून ती आखूड नळीच्या रायफलीतून लांबवर झाडायची. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना फुलायला धडकेच्या वेळी सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, कित्येक तांब्याच्या गोळ्यांना २००० च्या आसपास. त्याखाली गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि हरीण मैलभर पळतं. खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीतला असतो, तुमच्या १८ इंची नळीतला नव्हे. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतः मोजा, कंपनीने दिलेला किमान वेग बघा आणि गोळी ज्या अंतरावर त्याखाली उतरते त्यापलीकडे घोडा दाबू नका. फुलणं यार्डांवर नाही, धडकेच्या वेगावर ठरतं, हे एवढं समजेपर्यंत लांबच्या शिकारीचं नाव काढू नये.

मॅच गोळीच्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या गोळीच्या, टोकाला भोक दिसतं म्हणून ती शिकारीची ठरत नाही. ते भोक फुलण्यासाठी नसतं, बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत जॅकेटने झाकलेली, न फुलणारी गोळी, हरणावर अजिबात नको. अनेक राज्यांत तो गुन्हाही आहे.

तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते. तुमच्या नळीच्या आट्यांचा (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ तिला पुरतो का, ते आधी पाहा.

वजन तेच आहे म्हणून गोळी बदलल्यावर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, न तपासणं हा निव्वळ आळस. नळी साफ करा आणि कागदावर तीन गोळ्या मारा.

आणि मांस. मऊ गोळीचे शिशाचे कण जखमेपासून बरेच लांब जातात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि गरजूंसाठी ठेवलेलं ते मांस टाकून द्यायला सांगावं लागलं. माझ्याकडे जखमेभोवतीचं वीतभर मांस सरळ फेकलं जातं, आणि लहान मुलं जेवणार असतील तेव्हा मी तांब्याचीच गोळी भरतो.