1993 मध्ये 100 शेअर घेतले असते तर? जुन्या गुंतवणुकीचा खरा हिशेब असा मांडा

‘इन्फोसिसच्या पब्लिक इश्यूत साडेनऊ हजार टाकले असते तर आज पंधरा कोटी झाले असते’ असे मेसेज सतत फिरत असतात. ते वाचून कुणी हळहळतो, कुणी दुसऱ्या दिवशी सगळी बचत एकाच शेअरमध्ये घालतो. आकडा खोटा नसतो, पण तो कसा आला आणि त्यातून काय वगळले गेले हे स्वतः काढून पाहिलेलेच बरे. वही-पेन किंवा एक्सेल पुरते. उदाहरण इन्फोसिसचेच घेऊ. ही सॉफ्टवेअर कंपनी 1981 मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि तिच्या सगळ्या नोंदी सहज मिळतात.

पायरी 1 : सुरुवात पक्की करा

तारीख, भाव आणि शेअरची संख्या आधी लिहा. इश्यूचा भाव (कंपनीने लोकांना शेअर विकले तो) आणि लिस्टिंगचा भाव (शेअर बाजारात पहिल्यांदा उघडला तो) यांची गल्लत इथेच होते. इन्फोसिसचा शेअर 1993 च्या इश्यूत 95 रुपयांना मिळत होता आणि जूनमध्ये बाजारात 145 रुपयांना उघडला. इश्यू पूर्ण भरलाही नव्हता, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. आपण 95 धरू : 100 शेअर, 9,500 रुपये.

पायरी 2 : भाव बाजूला ठेवून शेअर मोजा

सगळ्या हिशेबाचा कणा हा आहे. एनएसई-बीएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे लहान किमतीचे अनेक शेअर) आणि लाभांशाच्या (नफ्यातून भागधारकांना मिळणारी रक्कम) नोंदी असतात, आणि फार जुन्या नोंदी कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतात. त्या तारखेनुसार ओळीने मांडा :

1994, एकास एक बोनस : 200
1997, एकास एक : 400
1999, एकास एक : 800
2000, स्प्लिट, दहा रुपये दर्शनी किमतीचा (शेअरवर छापलेली मूळ किंमत) शेअर पाचचा झाला : 1,600
2004, एकास तीन बोनस (एका शेअरवर तीन जादा) : 6,400
2006, एकास एक : 12,800
2014, एकास एक : 25,600
2015, एकास एक : 51,200
2018, एकास एक : 1,02,400

आजचा भाव समजा 1,500 रुपये. नुसता भाव पाहणारा म्हणेल, 95 चे 1,500, म्हणजे जेमतेम सोळापट. प्रत्यक्षात 1,02,400 गुणिले 1,500 म्हणजे 15 कोटी 36 लाख, साधारण 16,168 पट.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बोनसने संपत्ती वाढत नाही. एकाचे दोन शेअर झाले की भाव त्याच दिवशी निम्म्यावर येतो. वाढवले ते कंपनीच्या नफ्याने, आणि नफा वाढत राहिला म्हणून निम्मा झालेला भाव पुन्हा वर चढला. बोनस जाहीर झाला एवढ्यावर शेअर घेणारे हे विसरतात.

आणखी एक सापळा आहे. चार्टवर जुने भाव बहुधा बोनस-स्प्लिटप्रमाणे सुधारून दाखवलेले असतात, त्यामुळे 95 रुपये तिथे सुमारे 9 पैसे दिसतील. सुधारित भाव घेतलात तर शेअरची संख्या वाढवायची नाही, आणि मूळ भाव घेतलात तर वाढवायचीच. दोन्ही एकदम केले की उत्तर हजारपट चुकते.

पायरी 3 : लाभांश मिळवा

लाभांश त्या दिवशी हातात असलेल्या शेअरवर मोजायचा, आजच्या संख्येवर नाही. 2004 मध्ये कंपनीने बोनसपूर्व शेअरमागे 100 रुपये खास लाभांश दिला होता. तेव्हा आपल्याकडे 1,600 शेअर असते. म्हणजे 1 लाख 60 हजार रुपये, मूळ रकमेच्या जवळपास सतरापट, एका वर्षात आणि एकही शेअर न विकता. जुन्या नोंदीत लाभांश टक्क्यांत असेल तर ती टक्केवारी दर्शनी किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे.

पायरी 4 : वार्षिक दर काढा

एक्सेलमध्ये 16168^(1/32)-1 लिहा. 32 वर्षांसाठी उत्तर सुमारे 35.4 टक्के येते. लाभांशही धरायचा असेल तर प्रत्येक रक्कम तारखेसह लिहून एक्सआयआरआर (XIRR) हे तारखांनुसार वार्षिक दर काढणारे एक्सेलचे सूत्र वापरा.

पायरी 5 : कर वजा करा

जुलै 2024 पासून लिस्टेड शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे 12.5 टक्के कर आहे. जुन्या शेअरसाठी 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. मात्र त्यानंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात. आपले निम्मे, म्हणजे 51,200 शेअर, 2018 च्या त्याच बोनसचे. सगळे एकदम विकले तर फक्त त्यांच्यावरच 96 लाखांच्या आसपास कर होईल, सरचार्ज आणि सेस हे करावरचे जादा आकार वेगळे.

पायरी 6 : मधली वर्षे पाहा

हे कुणी करत नाही आणि मला हेच सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. मार्च 2000 च्या उच्चांकावरून 2001 च्या सप्टेंबरपर्यंत हा शेअर तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरला. तो उच्चांक पुन्हा दिसायला सुमारे सहा वर्षे लागली. त्या काळात घरात लग्न, आजारपण, फ्लॅटचा हप्ता असे काही असते, तर शेअर टिकले असते का? घसरणीचे ते आकडे रुपयांत लिहून पाहा, टक्क्यांत नको.

पायरी 7 : निर्देशांक आणि बुडालेले शेअर

जून 1993 मध्ये सेन्सेक्स अडीच हजारांच्या आत होता. आज 80,000 धरला तर वार्षिक दर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येतो, लाभांश सोडून. कंपनी निवडता आली नसती तर एवढे मिळण्याची आशा होती.

मग हाच हिशेब सत्यम या घोटाळ्यात सापडलेल्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी करा. 2008 मध्ये समजा 450 रुपयांनी 1,700 शेअर घेतले, म्हणजे 7 लाख 65 हजार. 7 जानेवारी 2009 ला घोटाळ्याची कबुली आली आणि भाव एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला. 2013 मध्ये कंपनी पुण्याच्या टेक महिंद्रात विलीन झाली आणि 17 शेअरना 2 मिळाले, म्हणजे 200. टेक महिंद्राने 2015 मध्ये बोनस आणि स्प्लिट दोन्ही दिल्याने त्यांचे 800 झाले. 1,500 च्या भावाने 12 लाख. म्हणजे 17 वर्षांत वर्षाला 2.7 टक्के, मुदत ठेवीच्या निम्मेही नाही. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांना तर 2021 मध्ये काहीच मिळाले नाही. तिथे शेअर मोजायचीही गरज पडत नाही.

घरात खरोखरच जुनी कागदी सर्टिफिकेटे असतील तर हिशेबाआधी कंपनीच्या रजिस्ट्रारशी (भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संपर्क साधा. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळतात, पण त्यासाठी आयईपीएफ-5 हा अर्ज भरावा लागतो. मूळ धारक हयात नसेल तर वारसाची कागदपत्रे आधी जमवा, कारण वेळ त्यातच सर्वाधिक जातो.