जाहिरात आयडी पुसला, तेव्हा पाठलाग थांबला

आईच्या आजाराबद्दल मी फोनवर एकदाच माहिती शोधली होती आणि दुसऱ्या दिवसापासून हवामानाच्या अ‍ॅपमध्येही त्याच आजाराच्या औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा घरातली खासगी गोष्ट कुणीतरी परस्पर विकल्यासारखे वाटून मी फार अस्वस्थ झालो.

माझा फोन अँड्रॉइड १२ वर चालतो. त्यातील प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडल्यावर गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोन वापरला हे वेळेसकट दिसले. पहाटे तीन वाजता, मी झोपेत असतानाही, हवामानाच्या अ‍ॅपने माझे ठिकाण टिपले होते. ती परवानगी मी ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ अशी बदलली आणि अचूक लोकेशनही बंद केले, कारण पावसाचा अंदाज सांगायला माझ्या घराचा दरवाजा माहीत असण्याची गरज नाही.

खरी मेख मात्र जाहिरात आयडीत, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळख क्रमांकात होती. हा क्रमांक वेगवेगळ्या अ‍ॅपना सारखाच दिसत असल्याने एकीकडचा शोध आणि दुसरीकडचे लोकेशन, नाव ठाऊक नसतानाही, एकाच माणसाच्या खाती जोडता येते. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’ आणि तेथून ‘अ‍ॅड्स’ येथे जाऊन मी तो डिलीट केला. आता अ‍ॅपने तो मागितला तरी नुसती शून्ये मिळतात. आयफोनवर २०२१ मधील आयओएस १४.५ पासून असा माग काढण्यासाठी अ‍ॅपला आधी आपली परवानगी मागावी लागते. तेथे नकारच द्यावा.

ब्राउझरमधील थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे आपण पाहत असलेल्या साइटऐवजी भलत्याच कंपन्यांनी ठेवलेल्या माग काढणाऱ्या छोट्या नोंदी, त्याही ब्लॉक केल्या. आठवडाभरात त्या जाहिराती थांबल्या. आधीच गोळा झालेली माहिती पुसून टाकावी, अशी लेखी मागणी मी त्या हवामानाच्या अ‍ॅपच्या कंपनीकडे केली असून उत्तराची वाट पाहत आहे.