वाढत्या कारखान्यासाठी नेटवर्क स्विच कसा निवडायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये मी नेटवर्कची कामं करते. कारखाना वाढायला लागला की फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याचा: "मॅडम, पोर्ट संपले, चोवीसचा एक स्विच पाठवून द्या." स्विच म्हणजे सगळ्या नेटवर्कच्या वायरी एकत्र आणणारा डबा, आणि पोर्ट म्हणजे त्यावरच्या वायर खोचायच्या जागा. पोर्ट संपलेले असतात हे खरंच. पण त्या चोवीस पोर्टांवर काय काय जोडलं जाणार आणि तो स्विच नेमका कुठे बसणार, हे कळल्याशिवाय मी मॉडेलचं नाव घेत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की निम्मी निवड तिथेच होते. न विचारता घेतलेला महागडा स्विचसुद्धा डोक्याला ताप होतो.

आधी वही घेऊन फेरी मारा

ऑफिसात बसून यादी करू नका. गेटपासून सुरुवात करून शेडच्या शेवटच्या भिंतीपर्यंत चाला आणि वायर लागणारी प्रत्येक वस्तू लिहा. समजा एक मध्यम मशीन शॉप आहे. ऑफिसात १४ कॉम्प्युटर, ३ प्रिंटर, टॅलीचा सर्व्हर. शेडमध्ये इथरनेट असलेली ६ सीएनसी आणि व्हीएमसी मशीन. १६ कॅमेरे आणि त्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), ३ वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, हजेरीची २ यंत्रं. झाले ४६ पोर्ट. स्विच एकमेकांना आणि राउटरला जोडायला पोर्ट लागतात, ते वेगळे. दोन वर्षांत काय वाढणार हे मालकांनाच विचारा. नवीन शेड, दुसरी शिफ्ट, क्वालिटीची वेगळी खोली यांचे बेत त्यांच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. आजच्या गरजेवर पाव हिस्सा जास्त पोर्ट धरावेत असं माझं मत आहे.

वस्तूच्या समोर दोन गोष्टी लिहायला विसरू नका: तिला वायरीतूनच वीज द्यायची आहे का, आणि ती रॅकपासून (स्विच बसवायच्या कपाटापासून) किती मीटरवर आहे.

पॉवर बजेट: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

लॅनच्या वायरीतून वीज देण्याच्या सोयीला पीओई म्हणतात. तिची मानकं ठरलेली आहेत. २००३ च्या ८०२.३एएफ मध्ये स्विचचा एक पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॉट देतो, २००९ च्या ८०२.३एटी मध्ये ३० वॉट, आणि २०१८ च्या ८०२.३बीटी मध्ये ९० वॉटपर्यंत. वायरीत थोडी वीज वाया जाते, म्हणून १५.४ मधले पलीकडे १२.९५ आणि ३० मधले २५.५ वॉट पोचतात असं धरायचं.

हे आकडे एकेका पोर्टचे आहेत. सगळे पोर्ट मिळून स्विच किती वॉट देऊ शकतो तो आकडा वेगळा असतो, आणि खरेदी त्याच्यावरून करायची. आठ पोर्टच्या एखाद्या स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "प्रत्येक पोर्ट ३० वॉट" असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात "एकूण ६५ वॉट". त्याच्यावर आठ कॅमेरे लावले. दिवसा प्रत्येक कॅमेरा पाचेक वॉट घेतो, म्हणजे ४० वॉट, सगळं सुरळीत. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा नऊ-दहा वॉट मागतो. बेरीज जाते ७० च्या पुढे. मग स्विच कोणाची तरी वीज तोडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटच्या नंबरचे पोर्ट आधी तुटतात. सातवा आणि आठवा कॅमेरा संध्याकाळी सातला गायब होतो, सकाळी उजाडल्यावर आपोआप परत येतो. कॅमेरावाला येऊन कॅमेरा बदलतो, मग केबल बदलतो. स्विचकडे कोणी बघतच नाही, कारण त्याचे दिवे तर लागलेले असतात.

वरच्या मशीन शॉपचा हिशेब असा करा. लेबलवर लिहिलेला कमाल आकडा घ्या, सरासरी घेऊ नका. १६ कॅमेरे गुणिले ९ वॉट म्हणजे १४४. तीन अ‍ॅक्सेस पॉइंट गुणिले १८ म्हणजे ५४. एकूण १९८. त्यावर पाव हिस्सा राखीव धरला की साधारण २५० वॉट. म्हणून इथे २४ पोर्टचा, ८०२.३एटी वाला आणि किमान २५० वॉट एकूण बजेटचा स्विच लागतो. घुमणारे पीटीझेड कॅमेरे असतील तर त्यांचा हिशेब वेगळा करा, त्यांची भूक मोठी असते. आणि ही सगळी वीज यूपीएसमधूनच जाणार आहे, त्यामुळे कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर असा स्विच टाकला तर लाइट गेल्यावर बॅकअप पाहता पाहता संपतो.

केबलचंही इथेच बोलून घेते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच बॉक्समध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. ब्लेडने तार जरा खरवडून बघा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती परत करा. पीओईच्या विजेने ती तार तापते आणि लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. चांगल्या स्विचचे पैसे अशा केबलवर वाया जातात.

साधा की मॅनेज्ड

पाच-सहा कॉम्प्युटर असताना साधा स्विच पुरतो. कारखाना वाढला की निदान मुख्य रॅकमधला स्विच मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बघता-बदलता येणारा हवा, या मुद्द्यावर मी हटून बसते. कारण सांगते.

साफसफाई करताना कोणाला तरी जमिनीवर लोंबकळणारी पॅच कॉर्ड (नेटवर्कची छोटी वायर) दिसते. निघाली असेल म्हणून तो माणूस भल्या मनाने ती जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचतो. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. झाला लूप. सगळ्यांसाठी पाठवलेलं पॅकेट एका पोर्टातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येतं, पुन्हा बाहेर पडतं. इथरनेटच्या पॅकेटला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ते फिरतच राहतं आणि नवीन येणारी त्यात भर घालतात. काही क्षणांत स्विचचे सगळे हिरवे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. टॅली अडकते, प्रिंटर दिसेनासा होतो, कॅमेऱ्यांचं चित्र थिजतं, आणि शिव्या इंटरनेटवाल्याला बसतात. साध्या स्विचवर उपाय एकच, एकेक वायर काढून बघणं. चाळीस वायरींच्या गुंत्यात डिस्पॅचच्या वेळी ते करून बघा.

मॅनेज्ड स्विचमध्ये आरएसटीपी नावाची सोय चालू असेल तर तो लूप ओळखतो आणि एक पोर्ट स्वतःहून थांबवतो. लूप डिटेक्शन आणि स्टॉर्म कंट्रोल (अशा पॅकेटांचा पूर अडवणारं) या त्याच्या जोडीच्या सोयी. बऱ्याच ब्रँडचे "स्मार्ट" किंवा "वेब स्मार्ट" नावाचे मधल्या दर्जाचे स्विच एवढं करतात, आणि बहुतेक लघुउद्योगांना तेवढे पुरतात. डीएचसीपी स्नूपिंगही असू द्या. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून उलटा जोडला की तो सगळ्यांना भलतेच आयपी पत्ते वाटत सुटतो, त्याला ही सोय आवर घालते.

दुसरं कारण व्हीएलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळ्या भिंती. ऑफिस, कॅमेरे, मशीन आणि पाहुण्यांचं वायफाय असे चार भाग मी करतेच. मशीनचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये किंवा त्यांना प्रोग्रॅम पाठवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये अजून विंडोज एक्सपी किंवा ७ आहे. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, कोणी क्लिक न करता. मशीन बदलणं परवडत नाही हे मला कळतं. मग त्याच्याभोवती भिंत तरी घाला आणि त्यातून फक्त प्रोग्रॅमच्या कॉम्प्युटरला वाट ठेवा.

एका भागातून दुसऱ्या भागात जायला राउटिंग लागतं. चाळीस-पन्नास उपकरणांपर्यंत ते फायरवॉलवर करता येतं. भाग वाढले आणि त्यांच्यात मोठ्या फायलींची ये-जा असेल, तेव्हा मुख्य जागी लेयर ३ स्विच, म्हणजे स्वतःच राउटिंग करणारा, घ्या. प्रत्येक शेडमध्ये लेयर ३ घालणारं कोटेशन आलं तर कारण विचारा.

अपलिंक

एका स्विचपासून दुसऱ्या स्विचपर्यंतचा रस्ता, म्हणजे अपलिंक, अरुंद असला तर बाकीचं सगळं फुकट जातं. कॅमेऱ्यांसाठी विकले जाणारे काही स्वस्त पीओई स्विच १०० एमबीपीएसचे असतात. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. पण १६ कॅमेरे प्रत्येकी ६ एमबीपीएस पाठवायला लागले की ९६ होतात, आणि अपलिंकही १०० चाच असेल तर चित्रं तुटायला लागतात. अपलिंक गिगाबिटचा आहे याची खात्री करा. अशा स्विचवर कधीकधी "एक्स्टेंड" किंवा "व्हीएलॅन" असं लिहिलेलं छोटं बटण असतं. एक्स्टेंडने वायर अडीचशे मीटरपर्यंत चालते पण वेग १० एमबीपीएसवर येतो. व्हीएलॅनने पोर्ट एकमेकांना दिसेनासे होतात. चुकून सरकलेल्या बटणापायी प्रिंटर दुरुस्तीला गेलेले मी पाहिले आहेत.

ऑफिसातल्या स्विचला गिगाबिट पोर्ट आणि दोन-चार एसएफपीच्या (फायबरचं मॉड्यूल बसवायच्या) जागा हव्यातच. डिझाइनची मंडळी सर्व्हरवरून मोठ्या थ्रीडी फायली उघडत असतील तर सर्व्हर आणि मुख्य स्विचमध्ये १० गिगाबिटचा एसएफपी प्लस दुवा टाका, फरक त्याच दिवशी दिसतो. "स्विचिंग कपॅसिटी ५६ जीबीपीएस" वगैरे आकड्यांनी भारावून जाऊ नका. २४ गिगाबिट पोर्टांचे दोन्ही दिशांचे ४८ आणि चार एसएफपीचे ८, एवढाच तो गुणाकार आहे.

तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर, पॅच कॉर्ड धरून. त्यापुढे फायबर. दोन वेगळ्या इमारती असतील तर अंतर ४० मीटर असलं तरी मी फायबरच टाकते. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते आणि आपल्याकडचा वळीव विजांचा कडकडाट घेऊन येतो. तांब्याच्या वायरीने तो झटका दोन्ही टोकांचे पोर्ट जाळतो. सिंगल मोड फायबर घ्या, पुढे वेग वाढवताना फक्त दोन्ही टोकांचे मॉड्यूल बदलावे लागतात. एकाच धाग्यावर चालणारे बायडाय मॉड्यूल घेतले तर ते जोडीने घ्यायचे, एका टोकाला एक जातीचं आणि दुसऱ्याला त्याच्या उलट.

जागा

फाउंड्रीतली काळी वाळू स्विचच्या पंख्यातून आत जाते आणि आतल्या सर्किटच्या पाटीवर बसते. मोल्डिंगजवळ किंवा फर्नेसच्या बाजूला पंख्याचा स्विच ठेवूच नका. ऑफिसचे बरेचसे स्विच ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली बंद लोखंडी पेटीत हवा त्याच्या वर सहज जाते. तिथे डिन रेलवर (इलेक्ट्रिक पॅनेलमधल्या पट्टीवर) बसणारा, बिनपंख्याचा औद्योगिक स्विच लागतो. त्यातले अनेक उणे ४० ते ७५ अंशांपर्यंत चालतात. किंमत ऑफिसच्या स्विचच्या कितीतरी पट असते, म्हणून असे पोर्ट शेडमध्ये मोजकेच ठेवा आणि बाकीचं बंद खोलीतल्या रॅकमध्ये आणा. रॅकची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वेल्डिंग आणि इंडक्शन फर्नेस ज्या लाइनवर आहेत तिच्यावरून स्विचला वीज देऊ नका.

कोटेशन वाचताना

सिस्को, एचपीई अरुबा, डी-लिंक, टीपी-लिंक, नेटगियर, युबिक्विटी, मायक्रोटिक यांपैकी कोणताही घ्या, पण मुख्य जागांवर एकाच घराण्याचे घ्या, म्हणजे एका स्क्रीनवरून बघता येतात आणि एकच माणूस ते सांभाळू शकतो. जीएसटी १८ टक्के धरून भाव लावा. विचारायचे प्रश्न असे: वॉरंटी किती वर्षांची, बिघडला तर बदली स्विच आधी येतो की जुना पाठवल्यावर, आणि तो कोल्हापुरात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो. क्लाउडवरून चालणारा असेल तर लायसन्स संपल्यावर स्विच चालू राहतो का, हे लेखी घ्या. फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, हेही.

लॉगबद्दल एक नियम लक्षात असू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (कधी काय झालं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून मिळणाऱ्या प्रमाण वेळेशी, जुळवायची आहेत. म्हणून सिसलॉग (लॉग बाहेर पाठवण्याची सोय) आणि एनटीपी नसलेला स्विच मी मुख्य जागी सुचवत नाही.

बजेट कमी असेल तर कुठे काटायचं? शेवटच्या टोकाच्या, चार-पाच टेबलांच्या स्विचवर. मुख्य स्विच, केबल आणि यूपीएसवर काटू नका. कपाटात एक साधा गिगाबिट स्विच जास्तीचा ठेवा; रविवारी रात्री दुसऱ्या शिफ्टला तोच कामाला येतो.

काम झाल्यावर बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका: कोणता पोर्ट कुठे जातो याचा तक्ता रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, कंपनीचा मूळ पासवर्ड बदलून नवा तुमच्या हातात, आणि स्विचच्या कॉन्फिगरेशनची फाइल तुमच्या ईमेलवर. पुढे काहीही बदल केला की ती फाइल नव्याने मागून घ्या.