आठवड्याची मिनिटं भिंतीवर लिहा

रोज १० हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमधल्या एका पेडोमीटरच्या (पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या) जाहिरातीतून रूढ झाला. त्याच्यामागे धावायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं माप जास्त सोयीचं: प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर चालणं. हिशेब आठवड्याचा, त्यामुळे मंगळवार पाहुण्यांत गेला तरी गुरुवारी भरून निघतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच मिनिटं लिहा, रविवारी बेरीज करा. ॲपपेक्षा हे बरं. घरातले बघतात आणि टोमणेही मारतात! सुरुवातीला ६०च मिनिटं जमली तर पुढच्या आठवड्याला ७५ धरा. वजन मात्र त्या चौकटीत रोज लिहू नका, ते खारट जेवणानेही वरखाली होतं.